समांतर अ‍ॅरेंपैकी एकच सॉर्ट केला की बाकीच्यांशी त्याचा मेळ का राहत नाही? (जावा, प्राथमिक)

प्रश्न – भांडुपची विद्यार्थिनी

नमस्कार. मी मुंबईत संगणकशास्त्राच्या पदवीच्या वर्गात शिकते आणि या सत्रात आम्हाला जावा सुरू झाली आहे. अ‍ॅरेचा भाग पूर्ण झाला असून क्लास आणि ऑब्जेक्ट अजून शिकवायचे आहेत. प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी समांतर अ‍ॅरे (म्हणजे एकाच गोष्टीची वेगवेगळी माहिती त्याच क्रमांकाच्या जागेवर ठेवणारे अनेक अ‍ॅरे) वापरून एक प्रोग्राम लिहायचा आहे आणि त्याचा विषय ज्याने त्याने निवडायचा आहे. मी मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील सात स्थानके घेतली आणि तीन अ‍ॅरे केले. ‘स्थानक’ हा स्ट्रिंगचा, ‘अंतर’ हा इंटचा (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासूनचे किलोमीटर, पूर्णांकात) आणि ‘जलद’ हा बूलियनचा, म्हणजे फास्ट लोकल तिथे साधारणपणे थांबते की नाही.

स्थानक : भायखळा, चिंचपोकळी, दादर, शीव, कुर्ला, घाटकोपर, ठाणे
अंतर : 4, 5, 9, 13, 15, 19, 34
जलद : ट्रू, फॉल्स, ट्रू, फॉल्स, ट्रू, ट्रू, ट्रू

इथपर्यंत सर्व ठीक आहे. एकाच फॉर लूपमध्ये स्थानक[क], अंतर[क] आणि जलद[क] छापले की तक्ता बरोबर येतो. यादी नावांच्या क्रमाने हवी म्हणून मी लूपच्या आधी ‘अ‍ॅरेज’ क्लासची ‘सॉर्ट’ मेथड ‘स्थानक’वर चालवली. कंपायलरने काही तक्रार केली नाही, प्रोग्रामही शेवटपर्यंत चालला, पण आउटपुट असे आले:

कुर्ला 4 ट्रू
घाटकोपर 5 फॉल्स
चिंचपोकळी 9 ट्रू
ठाणे 13 फॉल्स
दादर 15 ट्रू
भायखळा 19 ट्रू
शीव 34 ट्रू

ठाण्याला फास्ट थांबत नाही आणि शीव 34 किलोमीटरवर आहे, असे हा तक्ता सांगतो. मग मी ‘अंतर’ही सॉर्ट करून पाहिला, पण तो मुळातच चढत्या क्रमाने असल्यामुळे काहीच बदलले नाही, आणि बूलियनचा अ‍ॅरे सॉर्ट करायला गेल्यावर तर कंपायलरने एरर दिली. क्लास न वापरता हे कसे सोडवावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. शिवाय वर्गातील एकाने सांगितले की समांतर अ‍ॅरे ही मुळात वाईट सवय आहे आणि ती शिकूच नये. हे खरे असेल, तर आम्हाला ती शिकवतात तरी कशासाठी, हेही कोणी समजावून सांगावे.

उत्तर – दादरचा प्रोग्रामर

तुमचे आउटपुट चुकीचे असले तरी जावाने सांगितलेले काम चोख केले आहे, आणि ही गोष्ट आधी नीट समजून घेणे आवश्यक आहे. हे तीन अ‍ॅरे एकमेकांशी संबंधित आहेत, असे प्रोग्राममध्ये कुठेही लिहिलेले नाही. तो संबंध फक्त तुमच्या मनात आहे आणि त्याचा एकमेव दुवा म्हणजे इंडेक्स, म्हणजे 0 पासून मोजलेला जागेचा क्रमांक. अंतर[6] हे ठाण्याचे अंतर आहे याचे कारण एवढेच की स्थानक[6] मध्ये ठाणे ठेवलेले होते. सॉर्टला तुम्ही ‘स्थानक’ हा एकच अ‍ॅरे दिला, त्याने त्यातील नावे हलवली आणि ठाणे 3 या इंडेक्सवर आले, जिथे शीवचे 13 किलोमीटर आणि शीवचे फॉल्स आधीपासून बसलेले होते. इतर दोन अ‍ॅरे अस्तित्वात आहेत याची त्या मेथडला कल्पनासुद्धा नव्हती.

‘अंतर’ वेगळा सॉर्ट करून हा प्रश्न का सुटला नसता, तेही यावरून लक्षात येईल. तुमची अंतरे योगायोगाने आधीच चढती होती, म्हणून काही बदलले नाही. ती तशी नसती, तर त्या सॉर्टने मूळ क्रमही नाहीसा केला असता आणि कोणते अंतर कोणाचे हे सांगायला काही मागमूस उरला नसता. बूलियनबद्दल सांगायचे तर जावात ट्रू आणि फॉल्स यांची लहान-मोठी अशी तुलना करणारे चिन्ह नाही आणि ‘अ‍ॅरेज’ क्लासमध्ये बूलियनच्या अ‍ॅरेसाठी सॉर्ट मेथडही दिलेली नाही. त्या एररमुळे तुमचे नुकसान झालेले नाही, उलट एक चुकीचे पाऊल वाचले.

उपाय असा की तयार सॉर्ट बाजूला ठेवावे आणि सिलेक्शन सॉर्ट किंवा बबल सॉर्ट स्वतः लिहावे, म्हणजे अदलाबदल आपल्या हातात राहते. सिलेक्शन सॉर्टमध्ये बाहेरचा लूप ‘क’ हा 0 पासून शेवटून दुसऱ्या जागेपर्यंत जातो, आतला लूप उरलेल्या भागात सर्वांत आधी येणारे नाव कुठे आहे ते शोधून त्याचा इंडेक्स ‘लघु’मध्ये ठेवतो, आणि आतला लूप संपल्यावर अदलाबदल होते. नावांची तुलना ‘कम्पेअर-टू’ मेथडने करावी. तिचे उत्तर ऋण आले तर पहिले नाव आधीचे. महत्त्वाचा भाग अदलाबदलीचा आहे आणि तो तीनही अ‍ॅरेंसाठी एकाच ठिकाणी, एकामागोमाग एक लिहायचा:

नाव = स्थानक[क]; स्थानक[क] = स्थानक[लघु]; स्थानक[लघु] = नाव;
किमी = अंतर[क]; अंतर[क] = अंतर[लघु]; अंतर[लघु] = किमी;
थांबा = जलद[क]; जलद[क] = जलद[लघु]; जलद[लघु] = थांबा;

तुलना फक्त नावांची होते, पण हलवाहलव तिघांचीही होते. या तीन ओळींतील एखादी जरी राहिली, तरी प्रोग्राम तक्रार न करता पूर्ण चालतो आणि तक्ता बिघडतो, म्हणून त्या एका वेगळ्या मेथडमध्ये काढून तिला तीनही अ‍ॅरे आणि दोन इंडेक्स द्यावेत, असे मी सुचवेन. उद्या चौथा अ‍ॅरे आला, तर दुरुस्ती त्या एकाच मेथडमध्ये होईल.

तपासणीसाठी तुम्ही निवडलेला विषय उत्तम आहे, हे मुद्दाम नोंदवतो. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 34 किलोमीटर धावली, हे आपल्याकडे शाळेपासून पाठ असते, त्यामुळे शीवसमोर 34 दिसताच डोळे थांबतात. विद्यार्थ्यांची काल्पनिक नावे आणि काल्पनिक गुण घेतले असते, तर हीच चूक जर्नलमध्ये तशीच राहिली असती, कारण ते आउटपुट दिसायला अगदी नीटनेटके आहे. नवशिक्यांनी ज्याची उत्तरे आपल्याला आधीच ठाऊक आहेत असाच डेटा घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

उत्तर – संगणक शिक्षिका, विलेपार्ले

वरील उत्तर पूर्णपणे बरोबर आहे आणि जर्नलसाठी तेवढे पुरेसे आहे. त्यात एक पर्याय जोडते, जो मी माझ्या विद्यार्थ्यांना बबल सॉर्ट पक्के झाल्यावर दाखवते. तीन अ‍ॅरे एकत्र हलवण्याऐवजी एकही हलवायचा नाही. त्याऐवजी ‘क्रम’ नावाचा इंटचा चौथा अ‍ॅरे करायचा आणि त्यात सुरुवातीला 0, 1, 2, 3, 4, 5, 6 भरायचे. सिलेक्शन सॉर्ट तेच, पण तुलना स्थानक[क्रम[आत]] आणि स्थानक[क्रम[लघु]] यांची करायची (‘आत’ हा आतल्या लूपचा इंडेक्स) आणि अदलाबदल फक्त ‘क्रम’मधील आकड्यांची करायची. तुमच्या डेटावर हे हाताने करून पाहिले, तर शेवटी ‘क्रम’मध्ये 4, 5, 1, 6, 2, 0, 3 असे आकडे मिळतील. आता छापताना क = 0 ला क्रम[0] म्हणजे 4 मिळतो, स्थानक[4] कुर्ला आहे, अंतर[4] 15 आहे आणि जलद[4] ट्रू आहे. एका फेरीत एकच अदलाबदल उरते, ती विसरण्याचा प्रश्न राहत नाही, आणि मूळ तीन अ‍ॅरे मार्गाच्या क्रमाने जसेच्या तसे राहतात.

याचा खरा लाभ तेव्हा कळतो, जेव्हा एकाच डेटाचे दोन क्रम हवे असतात. नावांप्रमाणे एक ‘क्रम’, लांबून जवळ असा दुसरा ‘क्रम’, आणि मूळ मार्ग तर आहेच. आधीच्या पद्धतीत दुसरी यादी करण्यासाठी सर्व पुन्हा सॉर्ट करावे लागते आणि मार्गाचा क्रम परत मिळवायचा, तर तो अंतरावरून पुन्हा लावावा लागतो. मात्र ‘क्रम’ वापरणाऱ्यांकडून एक चूक वारंवार होते: छापताना स्थानक[क्रम[क]] बरोबर लिहितात आणि त्याच ओळीत पुढे सवयीने अंतर[क] आणि जलद[क] लिहून जातात. असे झाले की तुमच्या प्रश्नातील चुकीचा तक्ता तंतोतंत परत येतो. यासाठी लूपच्या पहिल्याच ओळीत ‘जागा = क्रम[क]’ असे लिहावे आणि त्यापुढे सर्वत्र ‘जागा’च वापरावी.

आता तुमच्या वर्गमित्राच्या मताविषयी. आयसीएसईच्या दहावीच्या कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्स विषयात जावाच शिकवली जाते आणि एका अ‍ॅरेत नावे, दुसऱ्यात त्यांच्याशी निगडित माहिती, एखादे नाव शोधा किंवा गुणांप्रमाणे यादी लावा, अशा धर्तीचे प्रश्न तिथे नेहमीचे आहेत. मुलांना त्रास द्यावा म्हणून ते विचारले जात नाहीत. शोधण्याची क्रिया एका अ‍ॅरेवर होते आणि उत्तर दुसऱ्या अ‍ॅरेतून काढावे लागते, त्यामुळे मूल्य आणि त्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विद्यार्थ्याला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उमजते. स्थानक शोधणाऱ्या मेथडने नाव परत करायचे नसते, ते तर विचारणाऱ्याकडे आधीच असते. तिने इंडेक्स परत करायचा असतो आणि नाव सापडले नाही तर -1. ज्याला हे समजले, त्याला पुढे बायनरी सर्च, हॅश टेबल किंवा डेटाबेसचा इंडेक्स समजायला कष्ट पडत नाहीत.

शोधाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सूचना. स्कॅनरने (कीबोर्डवरून इनपुट वाचणाऱ्या जावाच्या क्लासने) वाचलेले ‘दादर’ आणि अ‍ॅरेतील ‘दादर’ यांची तुलना दोन बरोबरच्या चिन्हांनी करू नये. त्या चिन्हांनी दोन्ही संदर्भ (ऑब्जेक्ट मेमरीत कुठे आहे ते दाखवणारी मूल्ये) एकाच ऑब्जेक्टकडे जातात का एवढेच तपासले जाते आणि वाचलेली स्ट्रिंग वेगळा ऑब्जेक्ट असल्यामुळे उत्तर फॉल्स येते. तिथे ‘इक्वल्स’ मेथडच हवी.

उत्तर – अंधेरीहून, बॅकएंड विभागात काम करणारा

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते शिक्षिकाताईंच्या अनुभवाचा आदर ठेवून मांडतो. समांतर अ‍ॅरे समजणे आवश्यक आहे, पण त्यात प्रावीण्य मिळवण्यासाठी सत्र घालवू नये. एकत्र असणारी माहिती एकत्र ठेवण्याची सोय भाषेत असताना ती वापरणे हेच शहाणपणाचे आहे. ही पद्धत रूढ झाली, त्याला कारण होते. फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाणित आवृत्तींमध्ये ‘फोरट्रान 90’ येईपर्यंत वेगवेगळ्या प्रकारची माहिती एका नावाखाली बांधण्याची सोयच नव्हती, म्हणून अभियंते वर्षानुवर्षे असेच अ‍ॅरे शेजारी शेजारी ठेवून काम करत. जावात क्लास पहिल्या आवृत्तीपासून आहे. नाव, अंतर आणि जलद अशी तीन फील्ड असलेला एक क्लास केला की सात ऑब्जेक्टचा एकच अ‍ॅरे पुरतो; एक संदर्भ हलला की त्यासोबत तिन्ही गोष्टी हलतात आणि तुमच्या प्रश्नातील चूक करणेच शक्य राहत नाही. जावा 16 पासून, म्हणजे 2021 पासून, ‘रेकॉर्ड’ हा प्रकार कायमस्वरूपी भाषेत आला आहे आणि त्यात हीच गोष्ट एका ओळीत लिहिता येते. मात्र लॅबमधील संगणकावर जावा 8 असेल तर रेकॉर्ड कंपाइल होणार नाही, तिथे साधा क्लासच लिहावा लागेल.

क्लास शिकाल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. सात जागांचा ऑब्जेक्टचा अ‍ॅरे तयार केल्याने सात ऑब्जेक्ट तयार होत नाहीत, सात नल, म्हणजे कोणत्याही ऑब्जेक्टकडे न जाणारे रिकामे संदर्भ, तयार होतात. प्रत्येक जागेवर ‘न्यू’ लिहून ऑब्जेक्ट ठेवावा लागतो.

तरीही ‘वाईट सवय’ हा शब्द मला मान्य नाही. इंटचा अ‍ॅरे मेमरीत सलग असतो आणि प्रत्येक इंटला 4 बाइट लागतात. ऑब्जेक्टच्या अ‍ॅरेत मात्र फक्त संदर्भ सलग असतात आणि ऑब्जेक्ट हीप मेमरीत इतरत्र असू शकतात, शिवाय प्रत्येकाला स्वतःचे हेडर असते. लाखो नोंदींतील केवळ अंतरांची बेरीज करायची असेल, तर सलग अ‍ॅरे प्रोसेसरच्या कॅशला (त्याच्याजवळच्या लहान, वेगवान मेमरीला) सोयीचा पडतो. स्तंभांनुसार माहिती साठवणारे डेटाबेस याच तत्त्वावर उभे आहेत. सात स्थानकांसाठी हा विचार गैरलागू आहे, पण पद्धतच टाकाऊ आहे असे तुमच्या वर्गमित्राने समजू नये.

उत्तर – संगणक शिक्षिका, विलेपार्ले

यात आमचा फारसा मतभेद नाही. फक्त क्रमाबद्दल मी आग्रही आहे. हा बिघडलेला तक्ता ज्याने स्वतः पाहिला आहे, त्याला क्लास कशासाठी हवा हे सांगावे लागत नाही. आधी क्लास शिकवला, तर तो पाठांतराचा विषय होतो, असे मी वर्गात पाहत आले आहे.

देवनागरी नावांबाबत एक राहून गेले. ‘कम्पेअर-टू’ मराठी वर्णमाला जाणत नाही, ती अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांची तुलना करते. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. तुमच्या सात नावांत याचा फरक पडत नाही, पण यादीत मशीद आणि मळवली ही दोन्ही स्थानके घेतलीत तर प्रोग्राम मळवली आधी छापेल आणि मराठी शब्दकोशाच्या क्रमाने मशीद आधी यायला हवे. व्हायवात कोणी विचारले तर हे उत्तर द्यावे; ती तुमच्या सॉर्टची चूक नव्हे.

भांडुपची विद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही पद्धती लिहून पाहिल्या आणि दोन्हींत ठाण्यासमोर 34 व ट्रू आले. ‘क्रम’ची पद्धत जर्नलमध्ये ठेवणार आहे. आता नवीन स्थानके वाढवता यावीत म्हणून मी तिन्ही अ‍ॅरे 50 जागांचे केले आणि सात जागा भरल्या, तर सॉर्टमध्ये नल पॉइंटर एक्सेप्शन येऊ लागले. तसेच परळ हे चिंचपोकळी आणि दादर यांच्यामध्ये घालायचे असेल तर काय करावे?

उत्तर – दादरचा प्रोग्रामर

50 जागांच्या स्ट्रिंग अ‍ॅरेत उरलेल्या 43 जागांवर नल असतो आणि नलवर ‘कम्पेअर-टू’ चालत नाही, म्हणून ते एक्सेप्शन येते. इंटच्या अ‍ॅरेत मात्र त्याच जागांवर 0 असतो आणि बूलियनच्या अ‍ॅरेत फॉल्स, ज्यावर कोणतीही एरर येत नाही. त्यामुळे चुकून तिथे वाचले गेले, तर 0 किलोमीटरवरचे एक निनावी स्थानक छापले जाईल. ‘संख्या’ नावाचे एक व्हेरिएबल ठेवा, त्यात 7 ठेवा आणि सर्व लूप ‘लेंग्थ’पर्यंत न नेता ‘संख्या’पर्यंतच न्या. ‘संख्या’ तिन्ही अ‍ॅरेंसाठी एकच असावी. ‘क्रम’ही तेवढाच भरावा आणि नवीन स्थानक घातले की पुन्हा पहिल्यापासून भरून सॉर्ट करावा, कारण त्यातील जुने आकडे आता चुकीच्या जागा दाखवत असतील.

मार्गाच्या क्रमात मध्ये काही घालणे हे समांतर अ‍ॅरेंतील सर्वांत खर्चिक काम आहे. पश्चिम रेल्वेवर एल्फिन्स्टन रोडचे नाव 2018 मध्ये प्रभादेवी झाले, तेव्हा अशा प्रोग्राममध्ये ‘स्थानक’ची एक जागा बदलून काम झाले असते, बाकीच्या अ‍ॅरेंना हात लावावा लागला नसता. पण 2016 मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये राम मंदिर स्थानक आले, त्यासाठी गोरेगावपासून पुढचे प्रत्येक स्थानक प्रत्येक अ‍ॅरेत एक जागा पुढे सरकवावे लागले असते. परळचेही तसेच. ते इंडेक्स 2 वर यायला हवे, म्हणून दादरपासून ठाण्यापर्यंत सर्वांना सरकवायचे आहे, आणि हे सरकवणे शेवटाकडून करावे लागते: ‘क’ हा ‘संख्या’पासून सुरू होऊन 3 पर्यंत कमी होत जाईल आणि प्रत्येक फेरीत स्थानक[क] = स्थानक[क-1], अंतर[क] = अंतर[क-1], जलद[क] = जलद[क-1] ही तिन्ही वाक्ये होतील. लूप पुढून चालवलात तर स्थानक[3] मध्ये दादर येईल, मग स्थानक[4] मध्ये तेच दादर, आणि ठाण्यापर्यंत सर्वत्र दादरच दिसेल. लूप संपल्यावर इंडेक्स 2 वर परळची तिन्ही मूल्ये ठेवा आणि त्यानंतर ‘संख्या’ एकदाच वाढवा, प्रत्येक अ‍ॅरेमागे एकदा नव्हे. लूप सुरू करण्यापूर्वी ‘संख्या’ 50 पेक्षा कमी आहे ना, एवढे तपासून घ्या, नाहीतर पहिल्याच फेरीत इंडेक्स मर्यादेबाहेर गेल्याचे एक्सेप्शन येईल.